कार्ड खिशात, पण नाव कोणत्या यादीत?

निवडणूक आटोपली की पत्रं वाढतात. आधी विचारलं असतं तर निम्मे प्रश्न उरलेच नसते, पण असो. केंद्राध्यक्ष म्हणून काही निवडणुका काढल्यात, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंची कल्पना आहे.

प्रश्न : सकाळी साडेदहाला मतदान केंद्रावर गेलो. पहिल्याच टेबलावर सांगितलं, "काका, तुमचं मतदान होऊन गेलं." बोटाला शाई नाही, कार्ड हातात! थोडा वाद घातला आणि घरी आलो. काही करता आलं असतं का?
– एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : आलं असतं. घरी परत आलात तिथंच चुकलं. पहिल्या टेबलावरचा कर्मचारी फक्त यादीत नाव शोधतो. असा घोळ झाला की निर्णय केंद्राध्यक्षाचा असतो. त्याच्यासमोर जाऊन "मला प्रदत्त मत द्यायचंय" एवढंच म्हणायचं. प्रदत्त मत म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल तर कागदावर देता येणारं मत. तो तुमची ओळख तपासेल, वडिलांचं नाव, घर नंबर असं काहीबाही विचारेल आणि खात्री पटली की तुम्हाला मतपत्रिका देईल. होय, कागदाची. मशीनवर उमेदवारांच्या नावांचा जो कागद लावलेला असतो तसाच, फक्त मागे प्रदत्त मतपत्रिकेचा शिक्का. प्रत्येक केंद्राच्या साहित्यात अशा २० मतपत्रिका असतात आणि बहुतेक ठिकाणी संध्याकाळी त्या कोऱ्याच परत जातात, कारण मागणारा कुणी नसतो.

तुम्ही नमुना १७-ब वर सही करायची, फुलीचा रबरी शिक्का घेऊन आडोशाला जायचं, उमेदवाराच्या नावापुढे तो उमटवायचा आणि घडी घालून मतपत्रिका केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते. मशीनचं बटण तुम्हाला दाबू देत नाहीत, कारण तुमच्या नावावरचं एक मत आत गेलेलं आहे आणि ते नेमकं कोणतं हे कुणालाही शोधून काढता येत नाही. मतदान गुप्त असण्याची ही दुसरी बाजू.

आता कडू भाग. ही पाकिटं मोजणीच्या दिवशी उघडत नाहीत. निकालाला उच्च न्यायालयात आव्हान मिळालं आणि न्यायालयाला गरज वाटली, तरच त्यांचा विचार होतो. मग खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली सी. पी. जोशी एका मतानं हरले आणि पुढं प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि निकाल लाखाच्या फरकानं लागला, तरी तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी मत टाकलं याची लेखी नोंद राहतेच.

तोतया मतदार समोर उभा असतानाच पक्षाच्या एजंटनं हरकत घेतली, तर केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो. या हरकतीची अनामत किती? दोन रुपये. चहासुद्धा येत नाही आता तेवढ्यात.

प्रश्न : महापालिकेच्या वेळी बटण दाबलं, पण आवाजच आला नाही. आत बसलेले साहेब "अजून दाबा, अजून दाबा" करून राहिले. मशीन बिघडली होती का भाऊ?
– सक्करदरा

उत्तर : मशीन ठणठणीत होती, तुमचीच तीन मतं बाकी होती. नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक. त्यातल्या ३७ प्रभागांत प्रत्येकी चार जागा, एका प्रभागात तीन. म्हणजे तुमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. कोणती जागा महिलांसाठी, कोणती अनुसूचित जातीसाठी, हे आरक्षण ठरवतं. चारही झाली की मगच लांब 'टीं' ऐकू येते. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा, पण दाबायचं. लोकसभेला एकच बटण दाबायची सवय झालेली असते, त्यामुळे ही गफलत घरोघरी होते. आणि महापालिकेची निवडणूक दिल्लीचा आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. तेव्हा तक्रारही तिकडेच.

प्रश्न : नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते ना?
– धरमपेठेतला महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : लोकसभा-विधानसभेला नाही. नोटा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला, पण तो उमेदवार मानला जात नाही. २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली. समजा ती पहिल्या नंबरवर असती, तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच खासदार झाला असता. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं मात्र २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला, की नोटा पुढे असेल तर फेरनिवडणूक. म्हणजे नोटाचं वजन दिल्लीपेक्षा गल्लीत जास्त.

प्रश्न : मी वानाडोंगरीला राहतो, रोज नागपुरात बर्डीवर कामाला येतो. १९ एप्रिल २०२४ ला मशीनवर नागपूरच्या उमेदवारांची नावंच नव्हती!
– एक वाचक

उत्तर : नसणारच. तुम्ही हिंगणा विधानसभेत आणि हिंगणा रामटेक लोकसभेत. नागपूर लोकसभेत शहरातले सहा विधानसभा मतदारसंघ, बस्स. बदल्यात तुम्हाला एक गोष्ट मिळते जी शहरातल्यांना नाही : नगर परिषदेचा अध्यक्ष तुम्ही थेट निवडता. आमचा महापौर नगरसेवक निवडतात.

प्रश्न : लोकसभेच्या यादीत माझं नाव आहे, पदवी आहे, तरी पदवीधरच्या वेळी नाव नाही म्हणाले. असं कसं?
– शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : मॅडम, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादीच वेगळी. तिकडचं नाव आपोआप इकडे येत नाही, आणि मागच्या पदवीधर निवडणुकीतलं नावही पुढच्या वेळी चालत नाही. ही यादी दरवेळी कोऱ्या पाटीपासून तयार होते. नमुना १८ भरायचा, पदवीचा पुरावा जोडायचा. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख आणि त्याआधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असली पाहिजेत. शाळेत शिकवता म्हणून शिक्षक मतदारसंघाच्या यादीतही बसत असाल, तर त्यासाठी नमुना १९ वेगळा. नागपूर पदवीधर म्हणजे फक्त शहर नाही. वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली धरून सहा जिल्हे. गडकरी लोकसभेत जाण्याआधी १९८९ पासून २०१४ पर्यंत याच मतदारसंघातून विधान परिषदेवर होते.

नाव लागलं तरी काम संपत नाही. इथं मशीन नाही, मतपत्रिका आहे आणि उमेदवारापुढे पसंतीक्रमाचा आकडा लिहायचा असतो. १ लिहिलाच पाहिजे, पुढचे ऐच्छिक. आकडा मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, रोमन लिहा, चालतो. "एक" असं अक्षरात लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. पदवीधरांच्या मतपत्रिका अशा बाद होतात हे पाहून आधी हसू यायचं, आता येत नाही. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं आणि पहिल्या फेरीत ते कुणालाच मिळालं नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. म्हणून ही मोजणी रात्र रात्र चालते. आणि हो, लिहायचं ते केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच. पर्समधला पेन पर्समध्येच राहू द्या.