पहिलीत जाण्याआधी मुलाला काय काय यायला हवं?

तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे, बालवाडीत अजून शंभरपर्यंत आकडे लिहून घेत नाहीत आणि पुढे पहिलीच्या प्रवेशाला शाळा मुलाखत घेते म्हणे. तर बाईंना कोणती उद्दिष्टं ठेवायला सांगू, असं विचारलंय तुम्ही. लिहून घेत नाहीत ना? मग त्या बाईंना आधी माझा नमस्कार सांगा.

मी बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. आमची खोली प्राथमिक शाळेच्या आवारातच, पहिलीच्या वर्गाला लागून. एका जूनमध्ये पहिलीच्या गुरुजींनी व्हरांड्यात पाच-सहा आयांसमोर ऐकवलं, "बाई, तुमची पोरं नुसती खिचडी खाऊन आलीत. एकाला 'अ' काढता येत नाही." आया माझ्याकडे बघायला लागल्या.

मी आत जाऊन चिंचोक्यांचा डबा आणला. म्हटलं, गुरुजी, तुमच्या वर्गातला हुशार मुलगा बोलवा. तालुक्याच्या केजीतून आलेला एक होता, शंभरपर्यंत धडाधड म्हणायचा. त्याला म्हटलं, बाळा, मला सात चिंचोके दे. त्याने मूठ भरून दिले. मोज म्हटलं, तर बोट तिसऱ्या चिंचोक्यावर आणि तोंड सहावर. मग माझी एक पोर बोलावली, 'अ' न येणारी. तिने फरशीवर एकेक सरकवत सात मांडले आणि वर मलाच विचारलं, "ताई, अजून दोन ठेवले की नऊ ना?"

गुरुजी म्हणाले, "ते ठीक आहे, पण लिहिता कुठं येतं?"

या 'पण'वरून आमचं पुढे अकरा वर्षं वाजलं. लिहायला आधी बोटं तयार लागतात हो. चिमटीत मणी धरून ओवणं, गव्हातले खडे निवडणं, कणकेचे साप करणं, कात्रीने कागद कापणं, हीच लेखनाची तयारी. चौथ्या वर्षी कित्ता गिरवायला बसवलेलं पोर पेन्सिल मुठीत आवळतं, आणि ती सवय मोडताना नाकी नऊ येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या दोघींनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. साधनं म्हणून खडे, पानं, बिया. माझा चिंचोक्यांचा डबा तिथलाच वारसा.

उद्दिष्टं हवीत ना, तर अशी ठेवा की समोर दिसतील. 'कपाट उघड, लाल वाटी काढ आणि आजीला दे' हे एकदाच सांगून जमलं पाहिजे. दहा वस्तू मोजून देता आल्या पाहिजेत. कमळ, कप, कणीस यांच्या सुरुवातीचा आवाज एकच आहे हे कानाला कळलं पाहिजे. 'क' डोळ्यांनी नंतर ओळखेल. गोष्ट संपेपर्यंत बसणं, ती आपल्या शब्दांत सांगणं, शी-शू वेळेवर सांगणं, आई गेली तरी सावरणं. घरी मालवणी, अहिराणी, जी काय बोलत असाल तीच बोला, प्रमाण मराठी शाळेत येते.

मुलाखतीचं म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम 13 मध्ये, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई आहे. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढे दर वेळी 50,000 पर्यंत. म्हणून शाळा मुलाखतीला 'गप्पा' म्हणतात. आणि पहिलीला सहा पूर्ण होऊ द्या, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच आहे. पाचव्या वर्षी ढकलून काय मिळतं, मला कधी कळलं नाही.

एक मात्र सांगायला हवं. सगळं खेळातून येईल म्हणून नुसतं बघत बसू नका. माझ्याकडे एक मुलगा होता, हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. मी दोन वर्षं त्याला लाजाळू म्हणत राहिले. त्याला ऐकूच कमी येत होतं. मूल पाठमोरं असताना हळू हाक मारून बघा, वळलं नाही तर डॉक्टरकडे न्या. मला हे सुचलं नाही. ओळखलं ते त्याच खिचडीवाल्या गुरुजींनी, पंधरा दिवसांत. ते श्रेय त्यांचं. 'अ'च्या बाबतीत मात्र ते चुकलेच होते.