ग्राहकासमोर कोड लिहावा का?

प्रश्न : मी छोट्या उद्योगांसाठी वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करतो. बैठकीत ग्राहकाने बदल सुचवला की स्क्रीन शेअर करून मी तो तिथल्या तिथे करून दाखवतो. ग्राहक खूश होतात, पण सहकाऱ्यांना ही पद्धत धोक्याची वाटते. आपले मत काय?

उत्तर : ही पद्धत सोडू नये, मात्र तिचा उपयोग काय बनवायचे हे ठरवण्यापुरताच करावा. ग्राहकाला कामाजवळ आणण्याचा विचार जुनाच आहे. सॉफ्टवेअर अभियंता केंट बेक यांनी १९९९ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत ग्राहकाचा प्रतिनिधी संघासोबतच असावा, असे सांगितले होते. परंतु शंकांचे निरसन करणे आणि प्राधान्यक्रम ठरवणे हे त्याचे काम होते, प्रोग्रामरच्या बोटांकडे पाहत बसणे नव्हे.

सवलत आधी वजा करायची की कर आधी आकारायचा, यांसारखा अनेक ईमेलमध्ये न सुटणारा मुद्दा दोन्ही हिशेब पडद्यावर शेजारी शेजारी दिसताच मिटतो. हा लाभ खरा आहे.

तोटा मात्र बैठकीनंतर उघड होतो. पाच मिनिटांत चाललेला बदल पाहिलेल्या ग्राहकाला त्याच कामाचे दोन दिवसांचे अंदाजपत्रक पटत नाही, कारण चुकीच्या नोंदी हाताळणे, वापरकर्त्यांचे अधिकार तपासणे आणि चाचण्या लिहिणे हे त्याने पाहिलेलेच नसते. शिवाय कोणी पाहत असताना आपण सुचलेला पहिला उपाय स्वीकारतो, आणि तो सर्वांत चांगला असेलच असे नाही. म्हणून असा कोड गिटच्या (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) वेगळ्या ब्रांचमध्ये, म्हणजे मुख्य कोडपासून अलग शाखेत ठेवावा, सहकाऱ्याने तपासल्याशिवाय मुख्य ब्रांचमध्ये घेऊ नये आणि हे ग्राहकाला बदल करण्यापूर्वीच सांगावे.

गोपनीयतेबाबत सहकाऱ्यांची भीती रास्त आहे. संपूर्ण स्क्रीनऐवजी एकच विंडो शेअर करावी, पडद्यावर झळकणारी नोटिफिकेशन्स बंद ठेवावीत, पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारा गुप्त संकेत) असलेली फाइल उघडू नये आणि बनावट माहिती भरलेल्या, आपल्याच संगणकावरील प्रतीवरच काम करावे. चालू प्रणालीच्या डेटाबेसला बैठकीत हात लावणे हा निव्वळ अविचार होय.

बग शोधण्याचे काम मात्र ग्राहकासमोर करू नये. त्रुटी कोणत्या क्रमाने येते हे त्यालाच करून दाखवायला सांगावे, पायऱ्या टिपून घ्याव्यात आणि कारणाचा शोध बैठक संपल्यावर घ्यावा.