‘इंग्रजी सुधारायचंय’ म्हणजे नक्की काय करायचंय?

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळणारा तिशीतला तरुण, राहायला बदलापूरला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याची तक्रार अशी: ‘दर जानेवारीला ठरवतो. इंग्रजी सुधारायचं, पर्सनॅलिटी डेव्हलप करायची, पुढे जायचं. होत काहीच नाही. माझ्यातच जिद्द कमी आहे का?’

मराठी माध्यमात शिकलेल्यांकडून हा प्रश्न वारंवार येतो. जिद्दीचा विषय तूर्त बाजूला ठेवून विचारलं, ‘इंग्रजीपायी तुमचं काम शेवटचं कधी अडलं?’

तो जरा वेळाने म्हणाला, ‘महिन्याच्या रिव्ह्यू मीटिंगला. स्टॉक रिपोर्ट मी बनवतो, मांडतो दुसराच.’

काम इथे सापडलं. इंग्रजी ‘सुधारण्या’ला शेवट नसतो, रिपोर्ट मांडायला असतो. ठरलं असं: मार्चच्या मीटिंगमध्ये पहिली तीन मिनिटं आपण बोलायची. त्यात महिनाअखेरचा स्टॉक, कमी पडलेले तीन आयटम, त्यांची कारणं आणि पर्चेसकडे एक मागणी. सगळी मिळून बारा वाक्यं. शॉर्टेज, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ), पेंडिंग पीओ (माल यायचा बाकी असलेली पर्चेस ऑर्डर) हे शब्द तर तो दिवसभर वापरतो. गाडी अडायची ती क्रियापदांवर, ‘मटेरियल नॉट कम’ अशी. म्हणजे घोटायची होती ती नऊ-दहा क्रियापदं, भूतकाळासकट. अख्खं व्याकरण नव्हे.

बोलू देणं मात्र साहेबांच्या हातात होतं. म्हणून फेब्रुवारीतच त्यांना विचारून ठेवणं ही पहिली पायरी. ती राहिली असती तर बाकीची तयारी फुकट गेली असती.

‘न अडखळता बोलायचं’ ही त्याने घातलेली अट पहिल्या महिन्यापुरती काढली. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांच्या ध्येयांवरच्या संशोधनातला एक भाग सगळे सांगतात: ‘जमेल तेवढं कर’पेक्षा स्पष्ट आणि थोडं अवघड ध्येय जास्त काम करून घेतं. दुसरा भाग सहसा गाळला जातो. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल, तर सुरुवातीला निकालापेक्षा पद्धत शिकण्याचं ध्येय बरं.

फसलं ते वेळापत्रक. ‘रोज एक तास, लोकलमध्ये’ असं त्याने परस्पर ठरवलं होतं. सकाळची बदलापूर लोकल ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खिशातला मोबाईल काढायला हात हलत नाही. दोन दिवस बुडाले, की ‘गेला हा आठवडा’, आणि त्यामागोमाग महिना.

मग तासाची पंधरा मिनिटं केली आणि घड्याळाऐवजी रोजच्या एका कामाशी सराव जोडला. जेवणाचा डबा धुतला, की मागच्या रॅकपाशी जाऊन बारा वाक्यं मोठ्याने म्हणायची. शेवटच्या खेपेला मोबाईलवर रेकॉर्ड करायची. आणि जर दुपारी माल उतरवायची गाडी आली, तर संध्याकाळी मेट्रोत बसल्या-उभ्या तेच रेकॉर्डिंग दोनदा ऐकायचं. अशा जर-तर योजनांवर पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलं आहे. आयत्या वेळी ‘आता काय करू’ हा प्रश्न पडत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. ‘वेळ मिळाला तर करीन’ ही मात्र यातली योजना नव्हे, ती सबब आहे.

मार्चमध्ये तो बोलला. दुसऱ्याच प्रश्नाला अडकला आणि उत्तर हिंदीत दिलं. म्हणून एप्रिलसाठी वेगळं काम: दर मीटिंगला येणारे पाच प्रश्न आणि प्रत्येकाची दोन वाक्यांची उत्तरं.

‘पर्सनॅलिटी’ची ओळ त्याने स्वतःच खोडली. ‘पुढे जायचं’ अजून मोघमच होतं. त्यासाठी त्याला सिनियर स्टोअरकीपरच्या दहा जाहिराती काढून, त्यांत पुन्हा पुन्हा काय मागतात ते लिहून आणायला सांगितलं. एसएपी (कंपन्यांत स्टॉक, खरेदी वगैरेची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) त्यात दिसलंच, तर आधी आपल्या कंपनीत शिकायची सोय आहे का ते बघायचं. तोवर कुठल्याही क्लासची फी भरायची नाही, हेही बजावलं.