सभामंडपातल्या जुन्या ट्यूब: नुसती नळी नको, अख्खी पट्टी बदला

डिचोलीकडच्या तुमच्या देवळाच्या सभामंडपात चोकवाल्या सोळा जाड्या ट्यूब आहेत आणि बिल कमी करायला त्याच पट्टीत एलईडी नळी घालावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: घालू नका, पट्टीसकट काढा.

जाडी ट्यूब ४० वॉटची, पण तांब्याचा चोक (पट्टीतला करंट आवरणारा वेटोळ्याचा डबा) वर आणखी दहा-बारा वॉट खातो. पेटत्या पट्टीत चोकजवळ हात नेलात तर ऊब लागते, तीही बिलात मोजलेली असते. चांगलं एलईडी बॅटन, म्हणजे दिवा आणि पट्टी एकत्रच असलेलं, २० वॉटमध्ये तेवढाच उजेड देतं. सोळा ट्यूब रोज पाच तास धरल्या, तर महिन्याला साधारण ७५ युनिट वाचतात.

स्टार्टर काढून जुन्या पट्टीत बसणाऱ्या नळ्या मिळतात, पण चोक वाटेत राहतो आणि तो जळला की नवी नळीही बंद. चोक काढून थेट वायर जोडता येते, मात्र काही नळ्यांना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. दुसऱ्या प्रकारात एक टोक बसवताना मोकळ्या टोकाच्या पिनला करंट असू शकतो. शिडीवरच्या माणसाच्या जिवाशी हा खेळ नको. मेन बंद करूनच काम करायचं आणि तेही वायरमननेच. त्यात आपल्या पावसाच्या दमटपणाने जुन्या होल्डरच्या पत्र्यांना गंज चढलेला असतो. तिथेच ठिणग्या उडतात.

घेताना वॉट नव्हे, ल्युमेन (उजेडाचं माप) वाचा. २००० च्या आसपास हवेत. पावसाळ्यात विजा कडाडतात आणि व्होल्टेज नाचतं, म्हणून खोक्यावर सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव) लिहिलेलं बघा. ते नसेल तर स्वस्तातला माल चतुर्थीपर्यंतही टिकत नाही.

एक गोष्ट समितीला आधीच सांगा. जुनी ट्यूब चहूबाजूंनी उजळते, एलईडीचा उजेड मुख्यतः खाली पडतो. वरची लाकडी कलाकुसर काळोखात जाईल. सगळी बॅटनं घेण्याआधी दोन लावून रात्री भजनाच्या वेळी बघा. उजेडाचा रंग ४००० केल्विनचा घ्या; हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. ६५०० चा निळसर पांढरा समईच्या उजेडाशेजारी डोळ्यांना खुपतो.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. फोडू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. नव्या बॅटनच्या खोक्यांत भरून ई-कचऱ्यात द्या. एखादी फुटलीच तर दारं-खिडक्या उघडा, झाडू न मारता जाड कागदाने तुकडे गोळा करा आणि ओल्या फडक्याने जमीन पुसून घ्या.