३५ मुलं, ४० पक्षी आणि तुम्ही

सहावीच्या ३५ मुलांना महिन्यातून दोनदा पक्षी दाखवायला न्याल का, असं शाळेने विचारलंय. पण आपल्याला जेमतेम ४० पक्षी ओळखता येतात म्हणून तुमचा पाय मागे येतोय. खुशाल हो म्हणा. बारा वर्षं हे काम करतेय, त्या अनुभवावरून सांगते, ४० पक्षी पुरून उरतात.

पहिल्या वर्षी मीही यादी वाढवण्याच्या मागे होते. एका सकाळी २२ पक्षी दाखवले. परतताना विचारलं, तर मुलांनी नावं धडाधड सांगितली. पण बुलबुलाच्या शेपटीखाली लाल रंग असतो, हे एकालाही आठवेना. कारण बुलबुल कुणी पाहिलाच नव्हता, माझं बोट पाहिलं होतं.

तेव्हापासून पहिल्या दिवशी फक्त चिमणी आणि साळुंकी, तीही शाळेच्या मैदानात. प्रश्न एकच: जमिनीवर या दोघी पुढे कशा सरकतात? चिमणी दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते, साळुंकी एकेक पाऊल टाकत चालते. मुलांना हे हेरायला दहा मिनिटं लागतात. ती द्या. उत्तर जिभेवर येतं, पण गिळा.

एकदा तारेवर वेडा राघू, म्हणजे कीटक पकडून खाणारा छोटा हिरवा पक्षी, बसला होता. एका मुलीने विचारलं, "बाई, तो चोचीतलं काय आपटतोय?" मी म्हटलं, बघत राहा. त्याने मधमाशी तारेवर दोन-तीनदा आपटली, मग चोचीत फिरवली आणि तिचं मागचं टोक तारेवर घासू लागला. "नांगी काढतोय!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की राघू उडाला, पण मी तिला रागावले नाही. पुढचे तीन महिने ती प्रत्येक फेरीत पहिली हजर असायची. पक्ष्याचं नाव मी तिला सगळ्यात शेवटी सांगितलं.

आता व्यवहाराचं. ३५ मुलं एकदम नेऊ नका. दहा-बाराचे गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवंच. त्याला पक्षी ओळखता आले नाहीत तरी चालेल. पालकांची लेखी परवानगी घ्या, कुणाला मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारून ठेवा. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम, आणि ऊन पाठीवर राहील असं उभं राहा, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती दिसते. दुर्बीण पहिल्या दोन फेऱ्यांत काढूच नका, कारण मग सगळं लक्ष दुर्बिणीच्या पाळीकडे जातं. पुढे आणाल तेव्हा ८ पट मोठं दाखवणारी, हलकी घ्या. १० पटीची लहान हातात फार हलते. सूर्याकडे दुर्बीण रोखायची नाही, हे मात्र प्रत्येक वेळी बजावा.

घरट्याबाबत मी फार कडक आहे, त्याला कारण आहे. एका झुडपात बुलबुलाचं घरटं होतं, अगदी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी एकेकाला जवळ नेऊन अंडी दाखवली. समोरच्या झाडावर कावळे बसले होते, तिकडे माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. कावळ्यांना वाट आम्हीच दाखवली, असं मला आजही वाटतं. त्यामुळे घरटं दिसलं की लांबूनच एक नजर टाकायची आणि पुढे जायचं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही नको, विशेषतः विणीच्या काळात. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो पिल्लं सोडून धावत येतो.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, वेळ, पक्षी काय करत होता आणि एक वेडंवाकडं चित्र. ओळखता आला नाही तर मुलांसमोर तसं सांगा आणि आकार, चोच, शेपूट लिहून घ्या; पुढच्या फेरीपर्यंत निम्मी मुलं तो शोधून आणतात. मोजायची गोडी लागली की फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षी-मोजणीत उतरवा. ती चार दिवस चालते आणि किमान १५ मिनिटं मोजलं तरी नोंद देता येते.

आणि पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, तुम्ही एकट्या एक चक्कर मारून या. कोतवाल पक्षी शक्यतो ठरलेल्या जागीच येऊन बसतो, कीटकावर झेप घेतो आणि पुन्हा तिथेच परततो. ती फांदी सापडली, तर दुसऱ्या दिवशी मुलांना तिच्यासमोरच बसवा.