रोज किती साखर खाल्लेली चालते, आणि तिच्याऐवजी गूळ घेतला तर किती घ्यावा?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर पटकन देऊन टाकते. मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे चहाचे सपाट पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींचा आहार धरला तर हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही २५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. ही वरची हद्द आहे, तेवढी खाल्लीच पाहिजे असं नाही. आरोग्यासाठी म्हणून किती खावी असं विचारलंत तर शून्य. भात-भाकरीतून शरीर त्याला लागेल तेवढं ग्लुकोज करून घेतं, वरून चमच्याने घालायची त्याला गरज नसते.

आता दुसरा अर्धा प्रश्न. खरं तर त्याच्यासाठीच मी लिहायला बसले. "साखरेऐवजी गूळ" हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं, आणि फिरायचा मला हक्क आहे, कारण माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ.

चरकातून रस काहिलीत आला, खाली चुलवाणात चिपाडं पेटली, की पुढचे काही तास गुळव्याचं राज्य. भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची, काढून टाकायची, पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघायचं. लहानपणी गरम काकवीसाठी आम्ही पोरं तिथंच घुटमळायचो. तर या सगळ्यात घडतं काय? उसाच्या रसातलं पाणी उडतं. मागे राहते ती साखर, थोडी खनिजं, आणि रंग-वास देणारे बाकीचे पदार्थ. कारखाना त्याच रसातून साखरेचे दाणे वेगळे काढतो आणि उरलेला काळा दाट पाक वेगळा. शंभर ग्रॅम गूळ घेतलात तर त्यात ८० ते ९० ग्रॅम साखरच असते, उरलेलं बरंचसं पाणी. म्हणून गूळही त्याच २५ ग्रॅममध्ये मोजायचा. फार तर खड्यामागे चिमूटभर सूट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मध, पाक, सरबतं, फळांचे रस हेही त्याच २५ मध्ये येतात. अख्खं फळ आणि दुधातली नैसर्गिक साखर तेवढी बाहेर. इथे उत्तर संपतं. पुढचं माझ्या समाधानासाठी.

माझे सासरे, अण्णा, यांना बरीच वर्षं शुगर आहे. गोळ्या चालू, सकाळ-संध्याकाळ फिरणं, चहा दोनदाच आणि त्यात अर्धा चमचा साखर. आकडा फार चांगला नव्हता, पण हाताबाहेरही नव्हता. मग आमच्या धाकट्या दिरांना आरोग्याचा साक्षात्कार झाला. मोबाइलवर कुणाकुणाची भाषणं ऐकून ते एका रविवारी आले, साखरेचा डबा उचलला, "पांढरं विष" म्हणाले आणि कामवाल्या मावशींना देऊन टाकला. (विष होतं तर मावशींना कसं चाललं, हे मी तेव्हाच विचारलं होतं. उत्तर अजून यायचंय.) डब्याच्या जागी सेंद्रिय गुळाची पावडर आली. तिच्या किमतीत आमच्या गावाकडे गुळाचा चांगला पाच किलोचा रवा, म्हणजे ढेप, आला असता.

मी म्हटलं, "भाऊजी, ही साखरच आहे."

ते हसले. "वहिनी, तुम्ही गुऱ्हाळवाल्यांच्या लेक, आणि तुम्हीच गुळाला नावं ठेवता?" सासूबाई लगेच त्यांच्या बाजूने, "आमच्या लहानपणी पाहुण्याला गूळ-पाणीच द्यायचे, कुणाला झाली होती शुगर?" त्या लहानपणी त्या पाहुण्याला तो गूळ-पाण्याचा खडा चार कोस चालून आल्यावर मिळायचा आणि चहा घरात नव्हता, हे कोण बोलणार! सून बोलली तर उद्धट.

खरी गंमत पुढे. साखर होती तेव्हा अण्णा चमचा मोजून घ्यायचे. गुळाला मात्र परवाना मिळाला. दोन चहांचे चार झाले, कारण गुळाचा चहा "पित्त करत नाही". प्रत्येक कपात दोन चमचे पावडर धरा, आठ-दहा ग्रॅम. जेवणानंतर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, कारण त्याने "पचन होतं". चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, कारण तो "गुळातला". संक्रांतीला गुळाची पोळी तुपासोबत, आणि दुसरीला नाही म्हणायचं कारणच उरलं नव्हतं. मी एकदा मनातल्या मनात बेरीज केली. रोजचा गूळ सत्तर ग्रॅमच्या पुढे जात होता. अर्धा-अर्धा चमचा साखर घेणारा माणूस, साखर "सोडल्यावर", साखरेच्या दहा-पंधरा पट गोडावर गेला होता. गुळाचा रासायनिक दोष एकवेळ सोडून द्या, त्याच्याभोवतीचा हा पुण्याईचा वासच जास्त नडतो.

पुढच्या तपासणीत रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) साडेसातावरून साडेनवाच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, गोड किती होतं? अण्णा ताठ मानेने म्हणाले, "साखर तर पूर्ण बंद आहे." खोटं बोलत नव्हते बिचारे. मागच्या खुर्चीवरून मी म्हटलं, "गूळ विचारा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढचं सांगत नाही, गोळी वाढली एवढं पुरे.

दीर म्हणाले, लॅब बदला. मग म्हणाले, पावडर भेसळीची निघाली असेल, दुसरी आणू. भेसळीचं म्हणाल तर त्यात मात्र तथ्य आहे, फक्त त्यांना वाटतं तसं नाही. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा असतो. शुद्ध गूळ तपकिरी, काळपट होतो आणि सौद्यात मार खातो. म्हणून काही जण रंग उजळायला हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात, आणि साखर गुळापेक्षा स्वस्त असली की पोतंभर साखर थेट काहिलीत ओततात; गूळ कडक होतो, रंग खुलतो, वजनही मिळतं. म्हणजे साखर नको म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेल्या गुळात कारखान्याचीच साखर. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हे कधी केलं नाही, आणि त्यापायी मार्केट यार्डात भाव कमी घेतला, याचा मला अभिमान आहे. पण त्यांचा तो काळपट, भेसळ नसलेला गूळही अण्णांची शुगर तेवढीच वाढवणार.

एकदा दीर माझ्यासोबत गावी आले होते. त्यांनी आप्पांनाच गाठलं. गुऱ्हाळवाला माणूस गुळाच्याच बाजूने बोलणार, अशी खात्री. आप्पा म्हणाले, "ऊस एकच हाय. कारखान्यात गेला की साखर, आमच्याकडं आला की गूळ. तुमचं रक्त काय सातबारा बघून आत घेतंय व्हय?" पुण्यात परत आल्यावर दिरांनी घरात सांगितलं, आप्पा साधे आहेत, त्यांना सायन्स ठाऊक नाही.

"लोह असतं" हा दिरांचा हुकमी पत्ता. असतं, थोडं. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्याकडचं कोष्टक सांगतं. अगदी हात सैल सोडून शंभर ग्रॅम गुळात १० मिलिग्रॅम धरलं, तरी रोज पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम गूळ खावा लागेल. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, लोखंडी कढईतली पालेभाजी, वर लिंबू पिळा. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या, गुळाच्या खड्यावर बायकांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवू नका.

तुमच्या घरातली साखर शोधायची असेल तर डबा सोडून बाकी सगळीकडे बघा. रसवंतीतला एक ग्लास ऊसरस म्हणजे २५-३० ग्रॅम, दिवसाचा कोटा तिथेच संपला. कोल्ड्रिंकची ३०० मिलीची बाटली तीस ग्रॅमच्या वर. श्रीखंडात जवळपास चक्क्याइतकीच साखर पडते, त्यामुळे वाटीभर खाल्लंत तर चाळीस ग्रॅम पोटात. चार ग्लुकोज बिस्किटांत एक चमचा, केचपच्या मोठ्या चमच्यात जवळजवळ एक चमचा. पाकिटावर आता "अ‍ॅडेड शुगर" वेगळी छापलेली असते, ती वाचा. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नका. "गुळातलं", "साखरविरहित", "आजीच्या हातचं" ही सगळी पुढच्या बाजूची वाक्यं.

सणाला खा. पुरणपोळी गुळाचीच खा, साखरेच्या पुरणाला ती चव नाही, याबाबतीत मी कट्टर कोल्हापूरकर आहे. वर्षातल्या चार पोळ्यांनी कुणाचं काही बिघडत नाही, रोजच्या चार चहांनी बिघडतं. आणि चहा हळूहळू कमी गोड करत नेला तर जीभ ऐकते. अण्णांचीही ऐकली, आता ते बिनसाखरेचा आणि बिनगुळाचा घेतात. साखरेऐवजी मिळणाऱ्या कृत्रिम गोड गोळ्या टाकून मात्र बघू नका, म्हणजे वजन कमी व्हावं म्हणून तरी नको. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी त्या वापरू नका असंच सांगितलंय.

हो, हे आधी लिहायला हवं होतं: मी डॉक्टर नाही, गृहिणी आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला साखर, गूळ काहीच घालू नका, आणि वर्षाच्या आतल्याला मध तर अजिबात चाटवू नका. शुगरवाल्यांना नुसती साखर मोजून भागत नाही, भात-पोळीही मोजावी लागते. आणि जे इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांची साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोकं चालेनासं होतं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तेव्हा १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. लाडू-चॉकलेट नको, तुपाने वेळ लागतो.

अण्णांच्या खिशात त्यासाठी मी साखरेच्या पुड्या ठेवते. दिरांनी तिथेही गुळाचे खडे ठेवायचं सुचवलं. "चालेल की," मी म्हटलं, "गुळानेही साखर तशीच झटक्यात वाढते. मान्य ना?" सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. भाऊजी थोडा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी मधाचा विषय काढला.