डिस्प्ले येत नाही म्हणजे मदरबोर्ड गेलाच का?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. गिऱ्हाइकांचे पत्ते, पेट्यांचा हिशोब, उधारी हे सगळं मी एका डेस्कटॉपवर ठेवते. मेअखेरीस शेवटच्या पेट्या गेल्या आणि प्लग काढून, वर प्लास्टिक घालून कॉम्प्युटर ठेवून दिला. आता गणपतीच्या तोंडावर लावला, तर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीनवर ‘नो सिग्नल’. दुकानदार म्हणतात, मदरबोर्ड गेला, नवीन सेटच घ्या. खरंच गेला असेल का? आणि माझे हिशोब?
– एक वाचक, कुणकेश्वर

उत्तर : ताई, आधी हिशोबाचं सांगतो, कारण जीव तिथेच अडकला असणार. हिशोब मदरबोर्डवर (सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी) नसतात, हार्ड डिस्कवर असतात. बोर्ड खरोखर जळला असला तरी डिस्क धडधाकट असू शकते. ती काढून सॅटा-टू-यूएसबी केबलने कुणाच्याही लॅपटॉपला जोडता येते आणि फाइली उतरवून घेता येतात. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर केबलसोबत 12 व्होल्टचा अडॅप्टरही लागतो, तो असलेलीच मागा. म्हणून ‘जुना द्या, नवा घ्या’ या बोलीवर डिस्कसकट कॅबिनेट मुळीच देऊ नका.

आता बोर्डाचं. पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही, एवढ्यावरून बोर्ड गेला असं कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. किनाऱ्यालगतच्या गावात पावसाळाभर बंद राहिलेलं मशीन असेल तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे बोर्डात खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर जातो. आपल्याकडच्या वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि ते सगळ्यावर बसतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, आषाढात बरणीतलं मीठ पाझरतं तसंच. मशीन चालू असतं तेव्हा आतल्या उबेने हा ओलावा टिकत नाही. तुमचं मशीन जून, जुलै बंद, वर प्लास्टिक. आत शिरलेला दमटपणा आतच राहिला.

तेव्हा हे करून बघा. प्लग काढा आणि चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण उघडा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग रॅमच्या दोन्ही टोकांची क्लिप दाबा, पट्टी वर येईल. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग दिसेल. उजेडात तिरकी धरून पाहा. दात काळपट किंवा डागाळलेले असतील तर दोष बहुधा तिथेच आहे. शाळेतला पांढरा खोडरबर दातांवरून हलक्या हाताने फिरवा, भुगा मशीनपासून लांब झटका, कोरड्या सुती फडक्याने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकूही नका, तोंडाची वाफ आत जाते. मऊ ब्रश फिरवलात तरी पुरे. पट्टी परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकं ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. बरेचदा ती अर्धवट बसलेली असते आणि दोष बोर्डाला लागतो. दोन पट्ट्या असतील तर एकेकच लावून बघा.

तरीही डिस्प्ले नसेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदला. त्यावर सीआर2032 लिहिलेलं असतं, तो 3 व्होल्टचा. प्लग लावलेला असताना आतल्या घड्याळाला एसएमपीएसमधून (प्लगमधली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा आतला डबा) वीज मिळते. प्लग काढून ठेवला की सगळा भार या सेलवर येतो. सेल उतरला की बहुतेक वेळा फक्त तारीख-वेळ चुकते, पण काही बोर्ड त्यावरच अडून बसतात. जुना काढल्यावर पाच मिनिटं थांबून मग नवा घाला.

बोर्ड जिवंत आहे का, याची मला सर्वांत खात्रीची वाटणारी चाचणी सांगतो. बोर्डाला चार पिनांचा छोटा स्पीकर लावायचा (दुकानात किरकोळ किमतीला मिळतो), रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढायच्या आणि मशीन चालू करायचं. स्पीकर ‘बीप’ करून ओरडला तर बोर्ड आणि प्रोसेसर रॅम शोधताहेत, म्हणजे ते जिवंत आहेत. अगदी गप्प राहिला तर मात्र एसएमपीएस, प्रोसेसर, बोर्ड यांपैकी काहीही असू शकतं. पंखा फिरतोय म्हणून एसएमपीएस चांगलाच, असं नसतं. अशक्त एसएमपीएसवर पंखा फिरतो, पण बोर्डाला हवी तेवढी वीज मिळत नाही. त्याचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देईल एवढी वीज राहते.

यापुढे पावसात दोन-तीन दिवसांआड तासभर मशीन चालू ठेवा. झाकायला प्लास्टिक नको, सुती कापड घ्या, तेही मशीन बंद असतानाच. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, तिला चिकटून कॅबिनेट ठेवू नका. विजा कडाडत असतील तेव्हा प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर सांगा, की माझ्यासमोर दुसरी रॅम आणि दुसरा एसएमपीएस लावून दाखवा, मग बोर्डाचं बोलू. आणि जाताना डिस्क काढून घरी ठेवा. ही तपासणी डिस्क नसली तरी करता येते.